दुल्हाभाईंचा मेसेज

प्रिय अब्बा,

आज दुपारी मी नात्यातल्या ग्रुपवर तुमच्याबद्दल काही लिहिणार आहे. ते वाचून आपले लोक चार दिवस तरी माझ्याशी धड बोलणार नाहीत. कुणीतरी फोन करून अम्मीकडे माझी कागाळीही करेल. त्यांनी वाचण्याआधी ते तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. तुमच्या माघारी तुमच्याबद्दल बोलले असं व्हायला नको.

घरात आपण कसलीही मिसळ भाषा बोलत असलो तरी लिहायला बसले की माझ्या हातून मराठीच उतरते. तुम्हीही कऱ्हाडच्या दुकानात कापसाच्या गठ्ठ्याला टेकून उभा जन्म मराठी पेपरच वाचलात. तेव्हा चालवून घ्या. आणि मी थोडी रागावलेली आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

तुम्हाला तो शुगरचा मेसेज आठवतो का? जांभळाच्या बियांची पूड आणि कसल्याशा पानांचा काढा, रोज सकाळी उपाशीपोटी. ‘शुगर मुळापासून जाईल, गोळ्या आणि इन्सुलिन कायमचं बंद करा.’ वर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या एका हसऱ्या डॉक्टरांचा फोटो, पण नाव कुठंच नाही. खाली, ‘पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.’ तुम्ही तो नात्यातल्या ग्रुपवर टाकलात, दुकानदारांच्या ग्रुपवर टाकलात, विट्याच्या तुमच्या दोस्ताला वेगळा पाठवलात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही दुकानातून वर आलात, छातीत दुखतंय म्हणालात आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेलात. हृदयाचा झटका होता. त्या मेसेजचा आणि तुमच्या जाण्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पण सांगलीच्या खालाच्या मनात तो जुळला. अम्मीची ही धाकटी बहीण तुम्हाला दुल्हाभाई म्हणायची आणि सख्ख्या भावापेक्षा जास्त मानायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला आली तेव्हा ती तुमचे जुने मेसेज काढून बघत होती. जुम्मा मुबारकची गुलाबं, नातवाचे फोटो, आणि सगळ्यात शेवटी तो काढा. ‘दुल्हाभाईंचं शेवटचं सांगणं,’ असं म्हणून तिनं तो अम्मीला वाचून दाखवला आणि रडली. अम्मीही रडली. तो खरा की खोटा, हे त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, कारण मी तो तुमचा मेसेज म्हणूनच ऐकला.

गेल्या महिन्यात खालाच्या सुनेचा, रुखसानाचा, फोन आला. खालाच्या पायाच्या अंगठ्याला जखम झालीय, भरत नाही, दिवसभर पडून असते, पाणी पाणी करते. इन्सुलिन कधीचं बंद आहे, सगळी इंजेक्शनं फ्रिजमध्ये तशीच पडलीत.

“आमचं कोण ऐकतंय, आपा? काई म्हनलं की म्हनत्यात, दुल्हाभाईंनी सांगितलंय. तुमी त्येंची पोरगी हाय. तुमीच या.”

अब्बा, लोक तुमच्या शब्दावर एवढा भरवसा का ठेवायचे ते मला पक्कं माहीत आहे. चांदमुळं! रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला पाटणकडच्या डोंगरांवर ढग असले की कऱ्हाडातून चांद दिसायचा नाही. मग आसपासच्या गावांतून माणसं यायची, आम्ही पाहिला म्हणून गवाही द्यायला. ती गवाही ऐकून उद्या ईद की आणखी एक रोजा हे ठरवायला जी दोन-चार माणसं बसायची, त्यांत तुम्ही. मशिदीत गर्दी, म्हणून सगळे शेजारच्याच आपल्या दुकानात यायचे, आणि वर माडीवर आम्हाला शब्दन् शब्द ऐकू यायचा. तुम्ही एकेकाला बाजूला घ्यायचात, पाणी द्यायचात आणि विचारायचात. उभा कुठं होतास? चांद झाडाच्या वर होता की आड? टोकं कुठल्या अंगाला होती? तुझा तुला दिसला, की कुणी बोट दाखवल्यावर दिसला?

एका साली पाटण रस्त्यावरच्या गावातून चार-पाच जण मोटरसायकलींवरून आले. सगळ्यांनी पाहिला म्हणत होते. खाली मोहल्ला जमला होता, पोरांनी फटाकेसुद्धा काढून ठेवले होते. तुम्ही त्यांना वेगवेगळं विचारलंत आणि निघालं असं की एकानं ढगांच्या फटीत काहीतरी पाहिलं, बोट दाखवलं आणि बाकीच्यांना ‘तितं, तितं’ करत दिसायला लागलं. तुम्ही त्यांना एकत्र बसवलंत. “तुमी पाच जण न्हाई. तुमी एकच हायसा,” एवढंच बोललात. ईद एक दिवस पुढं गेली. अम्मीचं शिरखुर्म्याचं दूध नासलं, आणि ती तुमच्याशी ईदच्या नमाजाची वेळ होईपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी चांद जरा जाडच दिसला, म्हणजे तो कालच झाला असणार, असं म्हणत लोकांनी तुम्हाला काय काय ऐकवलं! तो माणूस खोटारडा आहे असं मी कधी म्हणालो, असं तुमचं म्हणणं. त्यानं पाहिलाही असेल, मला खात्री नाही एवढंच मी सांगितलं. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. आजही वाटतो. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

हातात मोबाइल आल्यावर ही तुमची चौकशी कुठं गेली हो? सख्ख्या भावानं चांद पाहिला म्हटलं तरी न मानणारा माणूस, नाव-गाव नसलेल्या डॉक्टरावर कसा काय विसंबला? मला वाटतं, फोनवर येणाऱ्या गोष्टीला तुम्ही गवाही मानतच नव्हता. ती तुमच्या लेखी गप्पांसारखी होती. चांदची जोखीम वेगळी. त्यावर सगळ्या गावाचा रोजा अवलंबून, तो चुकला तर तुमच्या माथी. फॉरवर्ड कुणाच्याच माथी नसतो.

मागे एका पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ तुम्ही असाच पाठवला होतात. खालाचं घर नदीच्या अंगाला. सांगलीकरांना पाण्याची भीती शिकवावी लागत नाही. बिचारीनं गहू-तांदळाची पिंपं शेजाऱ्यांच्या माडीवर चढवली, टीव्ही उचलून नेला, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! तो व्हिडिओ कुठल्या सालचा, कुठल्या धरणाचा, कुणाला पत्ता नव्हता. मी तुमच्याशी भांडले. हा काढला कुणी, तुम्हाला पाठवला कुणी, असं विचारलं. तुम्ही चिडलात.

“खोटं निघालं तर काय बिघडलं? सामान परत खाली आनता येतंय. खरं निघालं आन् मी गप बसलेलो असलो तर?”

पुढं काही दिवस आपलं बोलणं ‘जेवला का’ आणि ‘दुकान उघडलं का’ एवढ्यावरच चालू होतं. माणूस काळजीपोटी पाठवतो, त्याला चूक कसं म्हणायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर, रुखसानाच्या फोननंतरच्या रविवारी सकाळी मी सांगलीला गेले. खाला पलंगावर होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, अंगठ्याला फडकं. मला बघून उठायला गेली आणि परत बसली. आधी तिनं तुमचीच आठवण काढली. मग मी विषय काढला आणि तिनं उशीखालून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. तुमचं नाव वर दिसत होतं ना!

मी म्हटलं, डॉक्टरांचं नाव कुठाय? नाववाले डॉक्टर पैसे घेतात, म्हणाली. मी एक पान उघडून दाखवलं, त्यात हाच मेसेज खोटा असल्याचं सविस्तर लिहिलं होतं. तिनं चष्मा लावून नीट वाचलं आणि फोन मला परत दिला.

“ह्ये बी मोबाइलमदीच लिवलंय की, बाळ. त्याच्यावर इस्वास ठिवायचा आन् तुज्या बावर न्हाई?”

मी शाळेत मुलांना निबंध शिकवते. माझ्यासमोर बसलेली बाई चौथीपर्यंत शिकलेली, आणि तिचा मुद्दा बिनतोड. एका अनोळखी पानापेक्षा ओळखीचा माणूस बरा, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही भाजीवाली, रिक्षावाला, डॉक्टर, सगळे ओळखीतून निवडते.

मग ती म्हणाली, एकट्या दुल्हाभाईंकडून आलं असतं तर सोडूनही दिलं असतं. पण शेजारणीनं पाठवलं, विट्याच्या भाच्यानं पाठवलं. एक माणूस चुकेल, सगळीकडून कसं चुकेल? भाच्याचा मेसेज तर थेट मद्रासहून आला होता. विट्याच्या कितीतरी पोरांची तिकडं सोनं गाळायची दुकानं आहेत, हा त्यांच्यातल्या एकाकडे कामाला. खालाला वाटत होतं की मद्रासपर्यंत ज्याचा बोलबाला झालाय ते खोटं असणार नाही.

मी तिच्याच पलंगावर बसून फोन लावत सुटले. शेजारीण म्हणाली, मला तर तुमच्या खालानंच पाठवलं होतं, मी तेच परत कौतुकानं धाडलं. भाचा म्हणाला, शेठकडून आलं. शेठना विचारलं तर ते म्हणाले, विट्याहून वडिलांनी पाठवलंय. त्यांचे वडील म्हणजे तुमचे दोस्त! त्यांनी फोनवर मोठ्या आवाजात सांगितलं, “आवं, तुमच्या अब्बांनीच की पाठवलेलं. म्हनून तर म्या पोरांस्नी धाडलं.” तुमचा मेसेज कऱ्हाडहून विट्याला, विट्याहून मद्रासला आणि मद्रासहून सांगलीला फिरून आला होता. वाटेत कुणीतरी त्याला फुलांची चौकट तेवढी लावली होती.

खाला सगळं ऐकत होती. फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, बघ खाला, हे सगळे मिळून एकच आहेत. अब्बांनी त्या मोटरसायकलवाल्यांना जे सांगितलं होतं तेच मी सांगतेय. तिला ती गोष्ट माहीत होती, आपल्या नात्यात कुणाला माहीत नाही? मला वाटलं जिंकले.

पण ती म्हणाली, “एक तर एक. पन तो एक दुल्हाभाई हाय. त्येंनी सवता करून बघितल्याबिगर मला सांगितलं नसतं.”

आणि इथं मला बोलावं लागलं, अब्बा. कारण मला माहीत होतं. तुम्ही तो काढा एकदाही घेतला नव्हता. तुमची शुगरची गोळी सकाळच्या नाश्त्याआधी, दुसरी रात्रीच्या जेवणाआधी, शेवटच्या दिवसापर्यंत. तुम्ही गेल्यावर तुमच्या बंडीच्या खिशात अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी मिळाली होती. मी खालाला तसं सांगितलं. तिनं मानलं नाही. तुझ्या शिकलेल्या डोक्यातनं आलंय हे, म्हणाली. मग मी अम्मीला फोन लावून फोन तिच्या हातात दिला.

अम्मीला खालानं एवढंच विचारलं की दुल्हाभाई गोळी घेत होते का. अम्मीला कळलं होतं की हो म्हटलं तर तुम्ही खोटे पडता, आणि नाही म्हटलं तर बहीण जाते. तिच्यावर ही वेळ आणल्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. शेवटी ती बोलली.

“घेत होते. मीच हातावर ठिवत होते. रोज.”

खालानं फोन खाली ठेवला. रुखसाना दारात उभी होती, तिलाही आत यायचं धाडस होईना. मग खालानं माझ्याकडे बघून तो प्रश्न विचारला, जो ती दवाखान्यातून घरी आल्यावर कालही पुन्हा विचारत होती.

“मग मला का पाठवलं?”

अब्बा, का पाठवलं हो? सगळं अंगाशी आल्यावर विचारतेय म्हणून चिडू नका. खरंच विचारतेय. स्वतःसाठी गोळी आणि तिच्यासाठी काढा, असं का? तुम्ही लबाड नव्हता. तिचं वाईट चिंतणं तर तुमच्या स्वप्नातही आलं नसतं. मला एकच आठवतं. माझ्या भावाच्या, इरफानच्या, लग्नात जेवणाआधी खाला पडद्याआड जाऊन पोटात सुई टोचून घेत होती आणि तुम्ही चुकून तिकडं गेलात. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा पडला होता. बिचारी रोज टोचून घेते, असं तुम्ही अम्मीला दोनदा म्हणालात. माझा अंदाज असा की तो मेसेज आला तेव्हा तुम्हाला ती सुई आठवली. बरं होईल तिचं, असं वाटलं आणि तुम्ही बोट दाबलंत. खरं आहे का हे विचारण्याइतका वेळही त्यात गेला नसेल. तुम्ही तिला माया पाठवली, आणि तिनं ती गवाही म्हणून घेतली. हा माझा अंदाज मी खालाला सांगितला. तिनं ऐकून घेतला, पण तो तिला पुरला असं मला वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर रुखसानावर ओरडले, मग मी सगळं सांगितल्यावर निवळले. त्यांना नवल वाटलं नाही. असे पेशंट येतच असतात, म्हणाले. इन्सुलिन सुरू झालं, खालाला हुशारी आली, नीट बोलायला लागली. पण अंगठा काढावा लागला. पाय राहिला, हे नशीब. तुम्ही मला विचारलं होतंत ना, खोटं निघालं तर काय बिघडलं? सामान खाली आणता येतं हे खरं. अंगठ्याचं तसं नाही, अब्बा.

आता आजचं. तुमचा मेसेज अजून फिरतोय. विट्याला तुमच्या दोस्तांनी मुलांना फोन करून बंद करायला सांगितलंय, पण त्या मुलांनी पुढं कुणाकुणाला पाठवला ते त्यांनाही माहीत नाही. आपल्या ग्रुपवर तर परवाच कुणीतरी तो नव्यानं टाकला, वर ‘मर्हूम हाजीसाहेबांची नेक नसीहत’ असं, जणू तुमचा शेवटचा उपदेशच, लिहून. खाली किती जणांनी आमीन म्हटलंय! तुम्ही गेल्यापासून तो जास्तच खरा झालाय. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

म्हणून मी आज तिथं लिहिणार आहे की हा मेसेज खोटा आहे, अब्बांनी तपासला नव्हता, ते स्वतः गोळ्या घेत होते, आणि खालाचा अंगठा यापायी गेला. इरफान म्हणतो, तुमचं नाव न घेता लिही, कुणीतरी पाठवलेला म्हण. पण तुमचं नाव घेतल्याशिवाय कुणी ऐकणार नाही, कारण विश्वास मेसेजवर बसलाच नव्हता, तुमच्यावर बसला होता. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. गेलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं का, असं ती एकदाच म्हणाली आणि आत गेली. आज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवून खुर्ची ओढून बसली. तू लिहिलंस तर पोरीनं बापाचं नाव घालवलं म्हणतील, असं म्हणाली. माझ्या नावानं लिही. गोळी मी देत होते, असंही म्हणाली.

तेव्हा ग्रुपवर अम्मीचं नाव असेल. लिहिणारी मी, आणि ते सगळे ओळखतीलच.

अब्बा, एक शब्द देते. तुमच्यावर कुणी हसलं तर मी त्याला सोडणार नाही. तुमच्याबद्दल जे चांगलं आहे ते मी माझ्या पोरांना सांगेन, आणि हेही सांगेन. पण खालाचा पाय आणि तुमचं नाव यांतलं एकच राखायची वेळ पुन्हा आली, तर मी पाय राखीन. रागवायचं असेल तर रागवा. तुमचा राग मला चालेल.

तुमचीच,
नसीम